फडकं

नळाला आठव्या दिवशी पाणी,
म्हणून टोपातलं पाणी दुपारपर्यंत एकच.
पहिल्या प्लेटी त्यात निघायच्या,
शेवटच्या नुसत्या ओल्या व्हायच्या.

फडकं बी एकच.
त्यानंच टेबल, त्यानंच गिलास, त्यानंच झारा,
भट्टीवरच्या उत्तमचा घाम त्यानंच,
अन् एकदा बाकड्यावर लेकरू ओकलं, ते बी.
संध्याकाळी पिळलं की चहाच्या रंगाचं पाणी निघायचं.
वास सांगत नाही,
तुम्ही जेवून आला असाल.

मानवतचा बाजार, त्यात उन्हाचा कडाका.
दहीवडे उरले.
शेठ म्हणला, दही दह्यात जाऊ दे.
गेलं.
तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात
एकेका खाटंवर दोन दोन माणसं,
उशाला एक, पायथ्याला एक.

त्यात मी.
उरलेला एक वडा मीच खाल्ला होता,
फेकायचा कसा, म्हणून.

सिस्टर वही घेऊन फिरत होती :
काय खाल्लं? कुठं खाल्लं?
जिनिंगवरचा नारबा म्हणला, प्रशांत हॉटेल.
मास्तरची सून म्हणली, पार्सल नेलं होतं,
प्रशांतमधून.
एका पोराचे ओठ पार सुकलेले,
त्यानं नुसतं बोट केलं रस्त्याकडं.

दारात शेठचा थोरला उभा होता,
मोसंब्याची पिशवी घेऊन,
माझ्याकडं बघत.

मला तवा काय आठवावं?
गल्ल्यावरची लक्ष्मी.
तिच्या काचंला निराळं फडकं होतं,
पिवळं, मऊ.
ते मी रोज धुवायची,
पिण्याच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन.
शेठ त्या पाण्याला कधी काही बोलला नाही.
म्हणजे ठाऊक होतं आम्हाला.
त्याला बी, मला बी.

सिस्टर आली.
कौसाबाई, तुम्ही कुठं खाल्लं?
म्हणलं, तिथंच. कामालाच हाय मी तिथं.
काय काम?
म्हणलं, धुते.

तिचा पेन थांबला.
तिनं माझ्या हाताकडं बघितलं,
मग मी बी बघितलं.
नखांत काळं, बोटांच्या बेचक्यात चिरा,
अन् सुई टोचायच्या आधी
तिनंच स्पिरिटच्या कापसानं पुसलेली
रुपयाएवढी जागा,
तेवढी गोरी.