फुली

नंदगडच्या शाळेत, गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात
जगाच्या झेंड्यांचा तक्ता भिंतीवर टांगला,
तर चौथीतली कल्लव्वा म्हणाली,
"गुरुजी, इतक्या देशांचं उत्तर चुकलं?"

तीस वर्षं मी वह्यांवर फुल्या मारतो आहे.
लाल पेन, दोन रेघा, काम झालं.
तिच्या सातच्या पाढ्यावर कालच एक मारली होती.

डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, ग्रीस.
स्वित्झर्लंडची तर बेरीजच.
"फुली नव्हे गं, क्रूस," म्हणालो,
आणि पुढचं मलाच ठाऊक नव्हतं.

बस्त्याव बारदेस्कराकडे गेलो.
झेंडे तोच शिवणार होता.
तोंडात टाचण्या धरून बोलतो तो,
त्यामुळे शब्द मोजून येतात.
"मास्तर, आधी शिवण बघा.
चार तुकडे जोडायचे तर मधे असंच यायचं की.
देवाचं मागनं."

डेन्मार्कचा म्हणे लढाईत आभाळातून पडला.
"माप कुणी घेतलं होतं कुणास ठाऊक."
स्कॉटलंडचा तिरका, त्यांच्या संताला तसाच चढवला म्हणून.
आणि हा इंग्रजाचा, एकावर एक तीन:
"कुणाचाच काढायचा नाही, मग सगळेच ठेवले.
शिवायला लई तरास."

मग एक टाचणी काढून म्हणाला,
"चालून निघाले तेव्हाही छातीवर हाच होता.
ते पण सांगा पोरांना.
समोरच्याला ही फुलीच वाटली असणार."

त्याच्या दुकानाची पाटी आधी मराठीत होती,
मग वर कानडी आलं,
मग एका नोव्हेंबरात कुणीतरी डांबराने
दोन्हींवर दोन रेघा ओढल्या.
त्याने पुसल्या नाहीत.
"असू दे. गिऱ्हाईकाला खूण झाली."

मी विचारलं, उत्तरेकडच्यांचा क्रूस
मधोमध का नाही, काठीकडे का सरकलाय?
त्याने कापड उचलून दारात धरलं.
लोंढ्याकडून वारा आला.
"टेबलावर अंथरलं की कडेला वाटतो.
फडकताना शेवट दुमडतो बघा,
तेव्हा मधेच दिसतो."

मी बघत राहिलो.
नकाशात आमचा तालुकाही कायम कडेला,
आणि ती सीमारेषा, तुटक रेघ, टिंब, तुटक रेघ,
घाईत घातलेले मोठे टाके.

गॅदरिंगला कल्लव्वाच्या वाट्याला फिनलंड आला,
पांढऱ्यावर निळा.
"अर्थ काय सांगू, गुरुजी?"
"बर्फ," मी म्हटलं, "आणि तळी,
आणि एक माणूस, ज्याला..."
माईक शिट्टी मारू लागला. ती रांगेत गेली,
काठी दोन्ही हातांत. वारा अजिबात नव्हता.

रात्री तिची वही काढली.
सात नवे चौसष्ट, त्यावर माझी फुली.
फुलीला चार कोपरे असतात.
एकात त्रेसष्ट लिहिलं.
बाकीचे तीन
तसेच ठेवले.