सरवा

बर्फाची पेटी मोटारसायकलला बांधून
मी ओढ्याकाठच्या एकेचाळीस घरांना जाते.
पायऱ्यांवर बाटल्या ठेवलेल्या असतात, पिवळ्या झाकणांच्या.
कुणी केळीच्या पानात गुंडाळतं,
भिक्खूंसाठी काढून ठेवलेल्या भातासारखी.
खामएन लाजतो,
त्याची बाटली दरवेळी खुराड्यामागे सापडते.
पहिल्या धारेची नको, दुसऱ्या खेपेची हवी,
असं सांगितलं की पुरुष उगाच खिदळतात.

"दुखत तर काही नाही," खामएन म्हणतो.
दुखत नाही तेव्हाच बघायचं असतं, बाबा.
तालुक्याला रक्त तपासलं, क्रिएटिनिन ठीक निघालं,
त्या दिवशी त्यानं अख्खं डुक्कर कापून गावाला घातलं.
मीही जेवले.
काय सांगणार होते पंगतीत बसून,
की रक्ताला ही बातमी सगळ्यात शेवटी कळते?

प्रयोगशाळेतल्या पिम्पिलाईनं मला जे समजावलं
ते मी गावाला असं सांगते:
कापणी झाली की ओंब्या गळून राहतात,
मग सगळ्यांच्या मागून कुणीतरी
कंबरेत वाकून येतं, सरवा वेचत.
मूत्रपिंडातही अशाच नळ्या आहेत, केसाहून बारीक.
चाळणीतून सांडलेलं वेचून
घरात परत आणणाऱ्या.
एक इवलंसं प्रथिन आहे, बीटा-टू.
आमच्याकडे त्याला बीता म्हणतात,
शेजारच्या पोरीला हाक मारावी तसं.
ते रोज सांडतं, रोज वेचलं जातं.
वेचणारीचे गुडघे धरले की मागे राहतं.
कोठार भरलेलंच दिसतं. पीकही तेवढंच.
फक्त बांधावर चिमण्या वाढतात.

माझं काम त्या चिमण्या मोजायचं.

वरच्या डोंगरात जस्ताची खाण होती.
जस्ताबरोबर कॅडमियम आलं,
वऱ्हाडात न बोलावलेला मामा यावा तसं.
वऱ्हाड ट्रकमध्ये बसून गेलं. मामा राहिला.
ओढ्यात उतरला, पाटानं आला, चिखलात बसला,
आणि भाताच्या मुळांनी त्याला घरचाच समजून वर घेतलं.
एकदा अंगात शिरला की
वीस-वीस वर्षं उठायचं नाव घेत नाही.

मग साहेब आले. भात नको, ऊस लावा म्हणाले.
लावला.
बुआलायनंही लावला, पुढच्या बाजूला.
परसात मात्र चार वाफे चिकट भाताचे ठेवले,
आईच्या हातचं बियाणं, जांभळ्या देठाचं.
गेल्या वर्षी तिच्या आकड्यानं सगळ्यांना चकित केलं.
जवळजवळ काहीच नाही! बीता कुठेच नाही!
"बघ, माझा भात बाधत नाही," ती म्हणाली,
आणि केळ्यांची भजी समोर केली.
इतकी कुरकुरीत भजी मी कधी खाल्ली नव्हती.

यंदा तिच्या चुलीमागे मला कागद सापडले.
सोड्याच्या पुड्यांचे. मीच दिलेल्या.
आदल्या रात्री पाण्यात घालून प्यायच्या,
नाहीतर आंबट लघवीत बीता विरून जातं
आणि आकडा खोटा निघतो.
तिनं पीठ फुलवलं होतं त्यानं.
आणि भजी मीच खाल्ली होती, दोनदा मागून.

या वेळी मी रात्री तिच्याकडेच राहिले.
पेला हातात दिला, रिकामा होईतो समोर बसले.
"शी, साबणासारखं लागतं," ती म्हणाली.
नंतर बराच वेळ दोघी गप्प होतो.
परसात वारा सुटला होता, भात सळसळत होता.

आकडा आला. तीनशेच्या आत बरा म्हणतात.
मी कागद घडी करून तिच्या पायरीवर बसले.
"किती चिमण्या?" तिनं विचारलं.
मी सांगितलं.
तिनं पदराला लागलेलं पीठ झटकलं.
"हा हंगाम कापू दे. पुढं बियाणं कुठल्या
स्वच्छ पाण्याच्या गावात नेता येईल का, ते विचार तुझ्या पिम्पिलाईला."

विचारते म्हणाले.
पेटीच्या तळाशी अजून एक बाटली होती,
तिच्यावरचं नाव माझ्याच अक्षरात.
एकेचाळिसावं घर माझं आहे.
तिचा कागद मी अजून उघडला नव्हता.