तेरुख

कोतवाल बाईंनी खल माझ्यापुढे ठेवला,
बत्ता नेऊन ठेवला टेबलाच्या पार टोकाला,
आणि मधे मांडत गेल्या हाताला लागेल ते:
मिठाची बरणी, वीजबिल, चष्म्याचं घर, दोन लिंबं.
"हे वाक्य," म्हणाल्या. "शेवटाला पोचल्याशिवाय
या खलात काय कुटायचंय ते कळत नाही."

खोपट, तिसरा मजला, मंगळवार-शुक्रवार.
ऐरोलीच्या नोकरीसाठी मी डच शिकत होते.
तेरुखबेलेन. परत फोन करणे.
कोशात दोघं एकत्र नांदतात.
बोलायला घेतलं की बेल येऊन बसतो दुसऱ्या पाटावर,
तेरुख थांबतो पंगतीच्या शेवटी,
मधे कितीही माणसं जेवून उठोत.
इक बेल उ मॉर्खन तेरुख.

मी म्हटलं, आपलं परत बरं, कुठेही बसतं.
"बसतं. पण म्हणजे काय? माघारी, की पुन्हा?
परत ये म्हटलं कुणाला,
तर नक्की काय म्हटलं?"
मला ठरवता येईना.

झालं-गेलं सांगताना जुळतात दोघं,
पण मधे एक खे शिरतो. तेरुखखेबेल्ट.
तो मग निघत नाही.

चौदा वर्षं रॉटरडॅमला होत्या बाई. मग इथे.
का, असं विचारलं एकदा, वही मिटता मिटता.
"ओमदात," म्हणाल्या, "म्हणजे कारण.
कारण आलं की क्रियापद तुटत नाही.
लिहून घे."
आणि लिंबं फ्रीजमध्ये ठेवायला गेल्या.

आता रात्रपाळीत, सातव्या मजल्यावर,
ख्रोनिंगनचे बिघडलेले बॉयलर माझ्या कानात.
परवा एका म्हाताऱ्या बाईला सांगत होते, इक बेल उ,
उद्या, दहा ते बाराच्या मधे,
मिस्त्रीशी बोलून झालं की
लाइन गेली.
वाक्य तिच्यापुरतं पुरं होतं.
मी फोन करते, एवढं पोचलं होतं.
तोंडात उरलेलं तेरुख
मी मशीनच्या चहाबरोबर गिळलं.

पहाटे कॅबमध्ये, विटाव्याजवळ, फोन पाहिला.
बाईंचा मिस्ड कॉल, नऊ चाळीसचा.
त्या कधीच करत नाहीत.
टाइप केलं, परत करते.
पुसलं.
कळव्याचा पूल गेला, कोर्टनाका गेला.
वर्तकनगरपर्यंतचे पैसे कंपनी भरते,
तरी ड्रायव्हरला म्हटलं,
खोपटलाच सोड.