सराव, सेक्टर पस्तीस

बर्फ नाही, म्हणून वाळू.
खारघरच्या शेवटच्या रस्त्याला, अर्ध्या उभ्या टॉवरखाली
डंपरने ओतलेला ढीग. साइटवाल्याने
नऊ वाजेपर्यंत दिलाय, तोंडी.

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बीकन चालू करून
मी पुरते. सहाजण पाठ करून उभे.
डब्याचं नाव तन्मय.
नाव द्यावं लागतं, नाहीतर हात सावकाश चालतात.
घड्याळ लावते. पंधरा मिनिटं.
पुढचं मी शिकवत नाही.

काल रात्री घणसोलीत, माझ्या ओट्यावर,
पोळपाट घेऊन दाखवलं होतं :
खाली ओली कणीक, तिच्यावर साखर,
वर तांदळाचं पीठ, थोपटून घट्ट.
एका बाजूने उचलत गेले.
वीस अंश, काही नाही.
पंचवीस, तरी नाही. ईशाला हसू आलं.
तिसाच्या जरा पुढे वरचं पीठ
अख्खं, एका तुकड्यात,
खाली.
"वरून साखर दिसत नाही," एवढंच म्हणाले.
मुंग्या सकाळपर्यंत होत्या.

आता बाण, आकडे. बावीस. चौदा. नऊ.
पुन्हा अकरा.
मागे फिर, ईशा, मागे.
सात वाजताच चैत्राचं ऊन मानेवर,
मागे डोंगर जळक्या गवताचा,
आणि कुणीतरी विचारतं, मे महिन्यात वर थंडी किती असेल.
प्रोब टोचा. उताराला काटकोनात. पुन्हा टोचा.
लागलं की कळतं. दगड वेगळा लागतो.

वॉचमन खुर्ची ओढून बघत होता मघापासून.
नेगी. चार वर्षं झाली इथे, आम्ही कधी बोललो नव्हतो.
काय हरवलं, विचारतो.
"तन्मय," ईशा म्हणते, दम लागलेली.

तो उठतो. फावडं घेतो तिच्या हातातून,
आणि ढिगावर चढत नाही.
खालच्या अंगाला येतो, प्रोबपासून दोन पावलं दूर,
आडवं खणत आत शिरतो.
हे मी अजून शिकवलेलं नव्हतं.

कुठलं गाव, विचारते.
सांगतो. लाहौलमधलं. मी त्या खोऱ्यातून गेले आहे,
एकदा, परत येताना एक माणूस कमी.
ते मी सांगत नाही. तोही काही सांगत नाही.

डबा दिसतो.
फावडं टाकून तो हातांनी,
बाकीचा डबा तसाच वाळूत ठेवून,
आधी झाकण मोकळं करतो.

एकोणीस मिनिटं.
"पुन्हा," मी म्हणते, आणि सगळे पाठ करतात.