शून्य बळाचे दांडे

एका घोड्यावर साठ किलो.
दोन मीटरहून लांब काही नको,
नाहीतर तिसऱ्या वळणावर ते कड्याला घासतं
आणि घोडा खाली दरीत बघायला लागतो.
न्टाटे सेखोन्याना एवढंच बोलले,
खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं.
मी वहीत लिहून घेतलं.
पुलाचं पहिलं समीकरण हे.

मासेरूत, ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर,
पडद्यावरच्या नदीला पाणी नसतं.
नदी म्हणजे सत्तावीस मीटरचं अंतर.
त्यावर ज्वारीच्या धाटासारखी अठरा पेरं, दीड-दीड मीटरची,
उंची एक वीस, तिरका दांडा एक ब्याण्णव:
घोड्याच्या हद्दीच्या आठ सेंटिमीटर आत.

पहिल्या रात्री मॅट्रिक्स सुटेना.
रचना अस्थिर, असं लिहून यायचं, तेवढंच.
तासभर आकडे चाळले. मग दिसलं,
पुलाला मी जमीनच दिली नव्हती.
दोन्ही टोकं हवेत. फुंकर मारली तरी
अख्खा पूल कुठल्या कुठे निघून गेला असता,
एकही सांधा न दुखवता.
डाव्या काठाला बिजागरी दिली, उजव्याला रोलर,
ऊन लागलं की अॅल्युमिनियमलाही पाय पसरायचे असतात.
तेव्हा कुठे उत्तर आलं.

मग भार.
शाळेची मुलं. मेंढरं, दाटीवाटीनं.
लोकरीच्या गाठी लादलेली गाढवं.
चौथ्या भाराला मी नाव दिलं नाही:
खांद्यावर पेटी, मागे सगळं गाव,
गाणं चालू, पावलं एका तालात.
त्याला वरचा पट्टा लाल झाला, खालचा निळा,
आणि पडदा पुलाला शंभरपट वाकवून दाखवतो
म्हणून जीव उगाच खालीवर.

त्या लाल-निळ्यात काही दांडे राखाडी.
उभे, मुकाट. ना ताण ना दाब.
शून्य. दशांशाच्या सहा घरांपर्यंत शून्य.
दोन्ही बाजूंचे मिळून अठरा, वजन बावन्न किलो.
म्हणजे एक घोडा, एक खेप.
मी ते पुसले. बळांचे आकडे जागचे हलले नाहीत.
फुकट खाणारे गेले, म्हटलं,
आणि जेवायला गेले.

परत येऊन पट्टा कुठे बाक धरतो ते तपासलं.
जिथे कुणी उरलं नव्हतं
नेमका तिथेच तो नागमोडी झाला,
चौथ्या भाराच्या निम्म्यावर,
पेटी अजून पुलाच्या मध्यावरही आली नसेल.
अठराच्या अठरा परत काढले.
फोन लावला: न्टाटे, एक घोडा वाढेल.
पलीकडून बराच वेळ नुसता वारा.
मग, "बरं."

ऑगस्टची थंडी, नदी घोट्याएवढी.
मी खेपेच्या मागे चालत होते.
तिसऱ्या वळणावर, दरीच्या अंगाला,
एक मुलगा दगडावर बसलेला, मांडीवर काठी आडवी.
ना लगाम धरत, ना ओझं सावरत.
हा काय करतो?
"मोत्सेको? काही नाही. बसतो."
एकतीस घोडे, एकामागून एक,
त्याच्यापासून अंग चोरून
कड्याच्या बाजूनं गेले.
मी वही काढली होती. परत ठेवली.

पूल उभा राहिल्यावर वाळूची पोती रचली.
गणितानं मधोमध एकवीस मिलिमीटर सांगितले होते.
भरले चोवीस.
बोल्टांच्या भोकांतली ढिलाई असेल.
असेल.
ते तीन मिलिमीटर अजून वहीत आहेत, पुढे प्रश्नचिन्ह.
काल त्यांच्यावरून मेंढरं गेली.