असू दे

काजव्याचा जीन आम्ही विकत आणतो,
थेंबभर, बर्फात बसून येतो तो.
त्याच्या मागे शिवतो भलत्याच जीनचं शेपूट
आणि पेशीत सोडतो,
सोबत बावीस अक्षरांची एक चिठ्ठी.
मग अठ्ठेचाळीस तास काही करायचं नसतं.
फतेहगंजच्या नाक्यावर शेव-उसळ, घरी जेवण, झोप.

पहिल्या वेळी मी खोलीतली ट्यूबलाइट बंद करून
पांढऱ्या प्लेटवर वाकले होते.
शहाण्णव खळगे, एकातही काही दिसेना.
परेशभाई दारातून म्हणाले,
"बेन, ते मशीनला दिसतं."

मशीननं आकडे दिले.
चिठ्ठीविना अकरा लाख,
चिठ्ठीसह साडेतीन.
उजेड गेला म्हणून नाचणारी माणसं आम्हीच.
"नाचू नकोस," झवेरी मॅडम म्हणाल्या,
"दुसरा दिवा बघ."
दुसरा समुद्रातल्या एका जिवाचा, निळसर,
चिठ्ठी त्याला लागत नाही.
पेशीच मेल्या तर दोन्ही विझतील.
एकच विझला, तर त्याला कुणीतरी गप्प केलंय.

दांडिया बाजारात, आमच्या स्वयंपाकघरात
बाबा वाक्य सुरू करायचे:
पुण्याची जमीन, काकांनी न पाठवलेले कागद...
आई लाटता लाटता म्हणायची,
"असू दे."
आवाज चढवून नाही. वाक्याच्या अगदी शेपटाशी.
झालं. बाबा ताकाची वाटी उचलायचे.
मला कित्येक वर्षं वाटे, यांचा स्वभावच अबोल.
पण जेवण झालं की हेच बाबा ओट्यावर
विश्वामित्रीतल्या मगरींवर तासभर बोलत,
समोरचे ढायबर कंटाळून आत जाईपर्यंत.

श्रावणात मी शेपटातली सात अक्षरं बदलली.
सातच. बाकी सगळं तेच.
चिठ्ठी आली, जागा शोधत राहिली.
दहा लाख ऐंशी हजार.

आणि काल रात्री
बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला
आणि गुजरातीत म्हणाले,
दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसे, सरळ:
"मारो भाग मने जोइए."

लाटणं थांबलं.
आईचे ओठ हलले, मग नुसतेच मिटले.
तव्यावरची पोळी फुगून करपायला लागली,
ती मी उतरवली.

अजून दोनदा व्हायला हवं.
एकदाच दिसलेला उजेड
मॅडम धरत नाहीत.