कुठं लागलं?

उत्तम शुक्रवारी पाळकसाहेब बोलले तीन तास,
घड्याळ पुढ्यात ठेवून.
पाप म्हणजे महारोग, ते म्हणाले,
आणि मागच्या चार बाकांवर
ज्यांना तो खराच होता
त्यांनी सवयीनं मान हलवली.

दुपारी ड्रेसिंगला पहिला जखऱ्या भिलावेकर.
गाविलगडाकडून भट्टीचा वारा,
पत्र्याखाली आयोडीनचा तापलेला वास.
मी पट्टी सोडत गेलो, तो छताकडे बघत.
टाचेतली जखम रुपयाएवढी.
"साहेब जराकसे चुकले बाप्पा," तो म्हणाला,
"जखम म्हंजे पाप नोहे.
जखम त चांगली. थे दिसते, तू धुतं.
पाप त्याच्या आंधी झालं.
निखारा पायाखाली होता
अन मी गोष्टी सांगत होतो हासून हासून.
मांस जळाचा वास आला,
त मीच इचारलं, कोनाचं काय जळून राह्यलं?"

तीस वर्षं मी हेच करतो आहे:
डोळे मिटा म्हणतो,
बॉलपेनचं टोक टेकवतो हातावर कुठं तरी,
विचारतो, कुठं लागलं?
आणि वाट पाहतो.

त्या रात्री उकाड्यात लक्षात आलं,
बागेत, संध्याकाळच्या वाऱ्यात
तोही हेच विचारत फिरला होता.
आदामा, तू कुठं आहेस?
रागानं नव्हे, हिशेब मागायला नव्हे.
टोक टेकवलेलंच होतं.
आदामाला कळलं नाही, एवढंच.
पानं गुंडाळून तो गप्प बसला
आणि मरण म्हणतात ते तिथंच सुरू झालं,
बोटांच्या टोकांपासून,
न दुखता.

क्रूस मी आजवर कर्जफेड म्हणून ऐकला,
वहीवर मारलेली तांबडी काट.
पण बधिर माणसांनी जे भोगलंच नाही
ते दुखणं जात कुठं असेल?
समजा, एकाच अंगात उतरलं असेल सगळं
एका दुपारी, सहाव्या तासापासून.
समजा, फेडलं काहीच नाही त्यानं,
फक्त त्याला लागलं.

आणि तिसऱ्या दिवशी उठला
तो भोकांसकट.
सुतार होता. बुजवता आली असती,
लाकडाची खपली, वरून थोडी लांबी.
ठेवली.
(जखऱ्या म्हणतो, थोमाचं बरं होतं,
त्याच्या बोटाले समजत तरी होतं.)

रविवारी चारला मी वॉर्डात गेलो,
कबरींपाशी उपासना असते, उठवायला.
जखऱ्याची खाट रिकामी.
चादर घडी करून उशाला,
जो माणूस कधी घडी करत नाही त्याची.
मी धावलो. आधी विहीर पाहिली.
खरं सांगतो, विहीरच पाहिली.

तो मोहाखाली बसलेला.
रात्रभर टपटपलेली फुलं
दोन मनगटांच्या चिमटीत धरून
टोपलीत टाकत होता, एकेक,
त्याची माय वेचायची तशी.
"करंगळीपाशी काईतरी लागलं," म्हणाला,
"मुंगी असंन. नाईतं पाह्यलं म्हून वाटलं असंन.
तू पाह्य."

पेन खोलीत राहिलं होतं.
मी मोहाचं एक फूल उचललं.
डोळे मीट, म्हणालो.
अंधारच होता, तरी मिटले त्यानं.
चर्चची घंटा एकदा वाजली
आणि दोर अडकल्यागत थांबली.
फूल धरून मी तसाच;
माझा हात का थरथरावा, कळेना,
भावाशी अकरा वर्षं बोललो नाही
हे नेमकं तेव्हा का आठवावं, तेही.

"इथं," तो म्हणाला.
"इथं लागलं."

मी अजून काही टेकवलंच नव्हतं.